आगर, परवाना आणि पारतंत्र्य

पारतंत्र्याचा इतिहास लिहिताना ग्रंथकार बहुधा लढाया, तह आणि गव्हर्नर जनरलांची नामावळी यांपासून प्रारंभ करतात. ते योग्यच आहे. परंतु ज्या माणसाने आयुष्यात कधी तोफ पाहिली नाही आणि ज्याच्या गावावरून कोणतीही पलटण गेली नाही, त्याच्या उंबरठ्यापर्यंत परकी सत्ता कशी पोहोचली, हा प्रश्न त्या नामावळीने सुटत नाही. आपल्या आगरी समाजाच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते, आणि तो शब्द म्हणजे मीठ. म्हणूनच संघाच्या या वार्षिक स्मरणिकेत ज्ञातिबांधव व भगिनींपुढे मिठाच्या कराची, त्यामागील कायद्याची आणि त्या कायद्यातून झालेल्या आपल्या सुटकेची हकीकत मांडण्याचे आम्ही योजिले आहे. ही सुटका कितपत पूर्ण झाली, याचाही विचार शेवटी करावयाचा आहे.

आपल्या ज्ञातीचे नाव 'आगर' या शब्दावरून पडले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मिठागर पिकविणे हा आपला पिढीजात व्यवसाय. उरण, पनवेल, पेण, अलिबाग, ठाणे, भिवंडी, मुंबईची पूर्व किनारपट्टी आणि वसईची खाडी, असा जो खारेपाटाचा प्रदेश आहे, तेथे समुद्राला बांध घालून खारी जमीन ताब्यात आणण्याचे कसब आपल्या पूर्वजांनी साध्य केले होते. पावसाळा सरला की बांधांची डागडुजी करावयाची, वाफ्यांचा तळ पायांनी मळून घट्ट करावयाचा, उधाणाचे पाणी उघाडीतून आत घ्यावयाचे, ते एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवून उन्हाने आटवावयाचे, आणि खडा धरला की ओढून त्याची रास करावयाची, असा हा वर्षाचा क्रम असे. मृगाचे ढग दिसण्यापूर्वी रास गवताने शाकारली नाही तर पहिल्याच सरीत सारे श्रम वाहून जात. या कामाला भांडवल थोडे लागते, पण समुद्राची भरती-ओहोटी, वारा आणि ऊन यांचे ज्ञान फार लागते. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नव्हते. ते बापाकडून मुलाकडे आणि सासूकडून सुनेकडे येत असे.

इंग्रजांपूर्वी मिठावर कर नव्हता, असे मात्र कोणी समजू नये. मराठी राज्यातही मिठावर जकात होती. परंतु कराचा हेतू काय, यावरून राज्याची परीक्षा होते. १६७१ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी कुडाळचे सुभेदार नरहरी आनंदराव यांना लिहिलेले पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. बारदेशातील, म्हणजे पोर्तुगीजांच्या मुलखातील मीठ स्वस्त पडत असल्याने व्यापारी तिकडे वळतील आणि आपल्या मुलखातील मिठाचा व्यवहार बसेल, हे ओळखून महाराजांनी त्या मिठावर जबर जकात बसविण्याची आज्ञा त्या पत्रात केली आहे. येथे कर हे साधन होते आणि आपली आगरे वाचविणे हे साध्य होते. पुढे जो कर आला त्याचा हेतू निराळा होता.

१८३७ मध्ये कंपनी सरकारने मुंबई इलाख्यात मिठावर मणी आठ आणे अबकारी कर बसविला. हा मण आजच्या सुमारे ३७ किलोंचा. अंतर्गत नाक्यांवरील जकाती उठविल्या जात होत्या, त्यांचे उत्पन्न भरून काढण्यासाठी हा कर, असे कारण देण्यात आले. व्यापाऱ्याच्या मालावरील बोजा उतरून तो गरिबाच्या भाकरीवर आला, असा याचा सरळ अर्थ होतो. १८४४ मध्ये हा कर एकदम एक रुपयावर नेण्यात आला, तेव्हा सुरत शहरात मोठा दंगा उसळला आणि सरकारला दर बारा आण्यांवर आणावा लागला. मिठासाठी लोक उठतात, हा धडा राज्यकर्त्यांना महात्माजींच्या पुष्कळ आधी मिळाला होता. परंतु १८५७ च्या उठावानंतर खजिन्याची ओढ वाढली आणि दर पायरीपायरीने चढत गेला. १८५९ मध्ये एक रुपया, १८६१ मध्ये सव्वा रुपया, १८६५ मध्ये दीड रुपया, १८६९ मध्ये एक रुपया तेरा आणे आणि १८७७ च्या अखेरीस अडीच रुपये. चाळीस वर्षांत कर पाचपट झाला. हे शेवटचे वर्ष वाचकांनी ध्यानात ठेवावे. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता, खडी फोडण्याच्या कामावर माणसे मरत होती, आणि नेमक्या त्याच वेळी त्यांच्या कण्यांत पडणारे मीठ महाग करण्यात आले.

कर बसविणे सोपे असते, तो वसूल करणे कठीण असते. मीठ समुद्रकाठी, सरोवरात आणि खाऱ्या मातीत कोठेही सापडते. निरनिराळ्या प्रांतांत कराचे दर निराळे, त्यामुळे स्वस्त मीठ महाग प्रांतात जाऊ नये यासाठी इंग्रजांनी देशाच्या पोटातून एक जकातरेषा आखली. १८६९ च्या सुमारास ही रेषा सिंधू नदीपासून बऱ्हाणपुरावरून पूर्वेकडे महानदीच्या खोऱ्यापर्यंत सुमारे २,३०० मैल पसरली होती. तिच्यावर जवळजवळ १२,००० माणसांचा पहारा होता आणि पुष्कळ अंतरापर्यंत काटेरी झाडांचे जिवंत कुंपण लावलेले होते. हे कुंपण वाढविण्यात ज्यांचा मोठा हात होता ते जकात खात्याचे कमिशनर अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हेच पुढे १८८५ मध्ये राष्ट्रीय सभेच्या संस्थापकांत गणले गेले! कोकणचे मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढवून वऱ्हाड-नागपुराकडे नेणाऱ्या लमाण-वंजाऱ्यांचा मार्ग या रेषेने अडविला, आणि त्यांचा उरलासुरला धंदा आगगाडीने बुडविला.

१८७९ मध्ये ही रेषा मोडण्यात आली. पुष्कळ ग्रंथांत ही गोष्ट सुधारणा म्हणून नोंदलेली आढळते. परंतु ती मोडणे शक्य कशाने झाले, हे पाहिले पाहिजे. सांभर सरोवरासारखी संस्थानी हद्दीतील उगमस्थाने सरकारने करारांनी ताब्यात घेतली, प्रांताप्रांतांतील दर जवळजवळ आणले, आणि मीठ जेथे तयार होते तेथेच कर घेण्याची व्यवस्था केली. देशाच्या मध्यावरचा पहारा उठला आणि तो आगराच्या बांधावर येऊन बसला. वाटेवरच्या व्यापाऱ्यावर जी नजर होती ती आता मीठ पिकविणाऱ्यावर स्थिरावली.

या नजरेला कायद्याचे रूप मुंबई इलाख्यात प्रथम १८७३ च्या व नंतर १८९० च्या मीठ कायद्याने मिळाले. परवान्यावाचून मीठ करणे हा गुन्हा झाला. समुद्रकाठी आपोआप साठलेले मीठ उचलणे, खारी माती खरवडून घेणे, हाही गुन्हा झाला. राशीवर सरकारी देखरेख, वजन सरकारी माणसांसमोर, आणि कर भरल्याखेरीज खडाही आगराबाहेर नेता येऊ नये, असा बंदोबस्त झाला. पहाऱ्याचा खर्च परवडावा म्हणून लहान आणि आडबाजूची आगरे बंद करून उत्पादन मोठ्या आगरांत एकवटण्याचे धोरण आले. आगर बंद झालेल्या कुटुंबाला दुसऱ्याच्या आगरावर मजुरी करणे किंवा मुंबईच्या गोदीची वाट धरणे, एवढेच मार्ग उरले. पुष्कळ ठिकाणी आगराचा मालक दुसरा, परवाना त्याच्या नावे, नफा व्यापाऱ्याचा आणि कर सरकारचा. दिवसभर खाऱ्या पाण्यात उभे राहून पाय फाटणाऱ्याच्या वाट्याला ओंजळभर मीठ हक्काने घरी नेण्याची मुभाही राहिली नाही. आम्हांस वाटते की करापेक्षाही हा अपमान मोठा होता. जो माणूस मीठ निर्माण करतो त्यालाच कायद्याने मिठाचा संभाव्य चोर ठरविले.

गोमंतकाची कथा याहून करुण आहे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने तेथील मीठ-उत्पादनावर इंग्रजांचे नियंत्रण आले आणि पोर्तुगीज सरकारला त्याबद्दल वार्षिक चार लाख रुपये मोबदला मिळू लागला. हा तह १८९२ पर्यंत चालला. दोन परकी सत्तांनी आपसात सौदा केला आणि ज्यांचे आगर होते त्या मिठगावड्यांना कोणी विचारलेही नाही. ज्या बारदेशच्या मिठाने एके काळी कोकणच्या आगरांशी स्पर्धा केली होती, तेही आता त्याच जोखडाखाली आले.

याविरुद्ध आवाज उठला नाही असे नाही. १८८५ मध्ये मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या पहिल्या अधिवेशनातच मिठाच्या कराचा विषय निघाला होता. १९०२ मध्ये नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर जे गाजलेले भाषण केले त्यात या कराविरुद्ध त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले. १९०३ पासून दर उतरत गेला आणि १९०७ मध्ये तो मणी एक रुपया झाला. परंतु महायुद्धाच्या काळात तो पुन्हा चढला, आणि १९२३ मध्ये तर कायदेमंडळाने नाकारलेली दुप्पट वाढ व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग यांनी आपल्या खास अधिकारात अमलात आणली. लोकप्रतिनिधींच्या मताची किंमत काय, हे मिठाच्या एका चिमटीने सर्व देशाला दाखविले. पुढच्या वर्षी दर सव्वा रुपयावर आला, तरी तो दाखला पुसला गेला नाही.

१९३० ची हकीकत सर्वश्रुत असल्याने येथे विस्तार करीत नाही. १२ मार्चला महात्माजी साबरमतीहून निघाले आणि ६ एप्रिलला त्यांनी दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचलले. मे महिन्यात धारासणेच्या आगरावर निःशस्त्र स्वयंसेवकांनी लाठ्या झेलल्या, आपल्या कोकणात शिरोड्याचा सत्याग्रह झाला, आणि मुंबईत वडाळ्याच्या आगरांवर हजारो लोक चालून गेले. विलायतेत शिकलेल्या बॅरिस्टरांनी आणि सुखवस्तू घरांतील स्त्रियांनी मिठासाठी तुरुंग पत्करला, हे दृश्य आगरावर राबणाऱ्या माणसाला नवे होते. आजवर त्याचे दुःख त्याचेच होते, आता ते राष्ट्राचे झाले.

पाऊस सुरू झाला की मीठ पिकत नाही, हे आपल्या लोकांना सांगावयास नको. त्यामुळे पावसाळ्यात कायदेभंगाची दिशा जंगलाकडे वळली. लाकूड, गवत आणि चराई यांवर सरकारने घातलेल्या बंधनांविरुद्ध ठिकठिकाणी जंगल सत्याग्रह झाले. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळील चिरनेर येथे अक्कादेवीच्या माळावर आसपासच्या गावांतील हजारो लोक जमले आणि पोलिसांनी गोळीबार केला. त्यात आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. मामलेदार जोशी यांचाही तेथेच अंत झाला. या हुतात्म्यांत धाकू गवत्या फोफेरकर आणि आलू बेमट्या म्हात्रे यांच्याबरोबर नवश्या महादेव कातकरी, रामा बामा कोळी आणि रघुनाथ मोरेश्वर न्हावी ही नावे आहेत. ज्ञातीच्या स्मरणिकेत लिहिताना ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करीत आहोत. चिरनेरचा अभिमान आपण अवश्य बाळगावा, पण तो एकट्या आपल्याच ज्ञातीचा मानू नये. गोळीने त्या दिवशी जात विचारली नाही, आणि माळावर खांद्याला खांदा लावून उभे राहिलेल्यांनीही ती विचारली नाही.

याच काळात आपल्या लोकांनी दुसराही एक लढा दिला. १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातील चरी येथे खोतांच्या जुलमाविरुद्ध कुळांनी जमीन न कसण्याचा निर्धार केला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली हा संप वर्षानुवर्षे टिकला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठबळ दिले. १९३७ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती कायद्याने संपली ती मात्र १९४९ मध्ये, स्वराज्य आल्यानंतर. परकी सत्ता एकटी उभी नसते, तिच्या छायेत अनेक लहान सत्ता वाढतात, हे चरीच्या शेतकऱ्यांनी ओळखले होते.

आता सुटकेकडे वळू. मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन कराराने समुद्रकाठच्या गावकऱ्यांना घरच्या वापरापुरते मीठ करण्याची सवलत मिळाली, कर मात्र कायम राहिला. तो अखेर एप्रिल १९४७ पासून, म्हणजे स्वातंत्र्याच्या जेमतेम साडेचार महिने आधी, हंगामी सरकारच्या अंदाजपत्रकाने रद्द झाला. १९४८ मध्ये दहा एकरांपर्यंतच्या आगरांना परवान्याच्या अटीतून मोकळे करण्यात आले. १८३७ पासून मोजले तर एकशे दहा वर्षांनी आगऱ्याच्या डोक्यावरचा हा बोजा उतरला.

येथे लेख संपविता आला असता, आणि वाचकही संतोषाने पान उलटते. परंतु इतिहास सांगताना सोयीच्या जागी थांबणे प्रामाणिकपणाचे नाही. राज्यकर्ते गेले, त्यांचा ध्वज उतरला, तरी त्यांनी केलेले पुष्कळ कायदे जागच्या जागी राहिले. त्यांपैकी एक १८९४ चा भूसंपादन कायदा. सार्वजनिक कामासाठी जमीन हवी असे सरकारने ठरविले की मालकाच्या संमतीवाचून ती घ्यावयाची आणि मोबदला सरकारनेच ठरवावयाचा, असा त्याचा गाभा होता. १९७० मध्ये नव्या मुंबईसाठी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागातील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. त्या याच कायद्याने. भातशेती, खाजण आणि मिठागरे, सारे एका अधिसूचनेत आले. पुढे शेवे येथे जवाहरलाल नेहरू बंदर उभे राहिले आणि १९८९ मध्ये ते सुरू झाले. तेथून आज जगभर माल जातो.

मिळणाऱ्या मोबदल्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक उठले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण भागात झालेल्या गोळीबारांत पाच शेतकरी हुतात्मे झाले. चिरनेर तेथून हाकेच्या अंतरावर आहे. या बलिदानातून विकसित जमिनीपैकी साडेबारा टक्के भूखंड प्रकल्पग्रस्तांना परत देण्याचे तत्त्व मान्य झाले आणि १९९० मध्ये त्याची योजना आली. १८९४ चा तो कायदा रद्द होऊन त्याच्या जागी नवा कायदा अमलात यावयास १ जानेवारी २०१४ उजाडले. स्वातंत्र्यानंतर सहासष्ट वर्षे तो आपल्यावर राज्य करीत होता.

यावर कोणी म्हणेल की इंग्रजांचे राज्य आणि आपण निवडून दिलेले राज्य यांची बरोबरी करणे अन्यायाचे आहे. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. १८७७ मध्ये कर वाढविणाऱ्याला मत देऊन खाली खेचण्याचा अधिकार आगऱ्याला नव्हता. १९८४ नंतर सरकारला लोकांपुढे नमावे लागले, कायदा बदलावा लागला, आणि हे स्वराज्यातच शक्य झाले. नव्या शहराने आपल्या मुलांना शाळा, महाविद्यालये आणि नोकऱ्या दिल्या, हेही नाकारण्याचे कारण नाही. परंतु परकी सत्तेची एक खूण अशी की ती माणसाला विचारल्यावाचून त्याच्या हिताचा निर्णय करते. ही खूण जेथे शिल्लक आहे तेथे स्वातंत्र्याचे काम शिल्लक आहे, मग राज्य कोणाचेही असो. मुक्तीचा दिवस दिनदर्शिकेत एकच असतो, मुक्तीचे काम मात्र कायद्यामागून कायदा आणि सवयीमागून सवय असे पिढ्यान्‌पिढ्या करावे लागते.

आज आपल्या पुष्कळ गावांत मिठागर उरलेले नाही. जेथे राशी लागत तेथे कोठे इमारती, कोठे कंटेनरांची गोदामे आणि कोठे नुसतेच तिवरांचे रान आहे. तरुण पिढीला उघाडी म्हणजे काय, हे सांगावे लागते. यात कोणाचा दोष काढण्यात अर्थ नाही, कारण खाऱ्या पाण्यात पाय कुजविण्याचे कष्ट आपल्या मुलांच्या वाट्याला यावेत, असे कोणत्या आईबापांना वाटेल? परंतु धंदा गेला म्हणून त्याची आठवणही जावी, हे बरे नव्हे. आपला इतिहास सरकारी दप्तरात आहे तो बहुतांशी करवसुलीचा आणि गुन्ह्यांचा आहे. त्यात आपण परवानेदार, मजूर किंवा आरोपी म्हणून येतो. बांध कोणी घातला, कोणत्या खाडीचे नाव काय होते, मिठाच्या हंगामात बायका कोणती गाणी म्हणत, १९३० साली गावातून कोण चिरनेरला गेले, हे त्या दप्तरात सापडावयाचे नाही. ते घरोघरच्या वृद्धांच्या मुखात आहे आणि दरवर्षी त्यातले थोडे थोडे कायमचे मिटत आहे.

म्हणून प्रत्येक कुटुंबास आमची एवढीच विनंती आहे. घरातील जुने परवाने, पावत्या, सातबाराचे उतारे, संपादनाच्या नोटिसा आणि छायाचित्रे रद्दीत घालू नयेत, त्यांच्या नकला करून संघाच्या कार्यालयात द्याव्यात. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून, ते सांगतील तसे त्यांच्याच आगरी बोलीत लिहून ठेवावे, शुद्ध करण्याच्या भरीस पडू नये. पुढील स्मरणिकांतून ही सामग्री क्रमाक्रमाने प्रसिद्ध करता येईल. ज्यांनी समुद्राला बांध घालून जमीन निर्माण केली, त्यांचा इतिहास त्यांच्याच वंशजांच्या हातून लिहिला जावा, हे परकी सत्तेच्या निर्मूलनातील आपल्या वाट्याचे काम आहे, असे आम्ही मानतो.